डावं पान, उजवं पान

भुरेलाल धिकार परतवाड्याच्या लाकूड-डेपोत
सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालायचे.
रविवारी माझ्या डीटीपीच्या दुकानात.
वही एकच,
पुढून मराठी, मागून कोरकू.

डावीकडे हे छापा, उजवीकडे ते, म्हणाले,
मधला दोरा दिसला तरी चालते.

पाण्याला आम्ही डा म्हणतो,
पण शेवटी घसा जरा मिटतो.
त्या मिटण्याला तुमच्या कीबोर्डात काही आहे का?
मी विसर्ग लावून पाहिला. हसले.
हे तर धाप लागल्यावानी वाटते.
मग एक स्वल्पविराम उचलून वर टांगला.

अडलं ते सेहेचाळीस पानावर.
फुलकाय गेली त्या वर्षीची कविता.
कोरकूत आलांग:
तू नि मी, तिसरं कोणी नाही.
समोर मराठीत त्यांनी आपण लिहिलं. खोडलं.
आपण म्हटलं की सारं गाव चुलीपाशी येऊन बसते.
आम्ही लिहिलं, तर तीच बाहेर राहिली.
आपण दोघं लिहून खूप वेळ पाहत बसले.
मोजल्यासारखं वाटते.
दिवसभर मोजतोच मी.

लाईट गेली, आली. चहावर साय धरली.

तीनशे प्रती निघाल्या.
सत्तेचाळीस पानावर त्या ओळीत
एका शब्दाची जागा मोकळी आहे.
गिऱ्हाईक म्हणतात, छपाई राहिली.

अचलपूरच्या वाचनालयातल्या प्रतीत
कुणीतरी पेन्सिलीनं तिथं आपण भरलंय.
खोडरबर खिशात घेऊन गेलो होतो.
तसाच परत आलो.