पाचवी खुंटी

ओबडाया स्टिडम लाकडाला आधी टिचकी मारायचा,
मग कान लावून बसायचा
वैद्यानं नाडी पाहावी तसा.
हे अक्रोडाचं फळकूट कोसळलेल्या कोठाराच्या दाराचं,
सत्तर हिवाळे सोसलेलं.
"आता हे वाकायचं नाही," तो म्हणाला, "रुसायचंही नाही."

केंटकीचा डोंगर. खाली खोऱ्यात कोळशाची खाण.
परसातल्या घेवड्याचा फडशा पाडणारा ग्राउंडहॉग
ऑक्टोबरात सापडला एकदाचा.
मांस रश्शात गेलं,
कातडं राखेच्या पाण्यात, चार दिवस,
केस बोटानं निघेपर्यंत.
मग वाफेवर वळवलेल्या मेपलच्या कड्यावर
ओलंच ताणून पितळी खिळ्यांनी ठोकलं.
रात्रभर ते सुकत करकरत राहिलं.
ऑर्लीना कूस बदलत म्हणाली,
मेला तरी झोपू देत नाही मेला.

बँजोच्या दांड्याला पडदे नाहीत.
सूर बोटानंच शोधायचा,
अंधारात पायरी चाचपावी तसा.
चार तारा टोकापर्यंत जातात.
पाचवी अर्ध्या वाटेत थांबते,
दांड्याच्या कडेला तिची वेगळी खुंटी;
ती ओबडाया सगळ्यात शेवटी कोरायचा
आणि तेव्हा कुणाशी बोलायचा नाही.

बाजा एनॉस नेपिअरसाठी होता.
बारा डॉलर, त्यातले तीन आगाऊ.
नोव्हेंबरात तो आला, उजवा हात फडक्यात.
दोन डबे जोडताना मधे सापडलेला,
तीन बोटं खाणीतच राहिली.
कंपनीच्या कागदावर अंगठा उठवून तसाच आलेला.
"तीन डॉलर राहू देत," म्हणाला,
"बाजा दुसऱ्या कुणाला दे."

ओबडायानं फडकं सोडलं.
हात लाकडासारखाच उलटसुलट करून पाहिला.
"तर्जनी आहे. नख?"
"आहे."
"अंगठा?"
एनॉस काही बोलला नाही.
"नखानं खाली मारायचं, अंगठ्यानं पाचवी.
माझ्या बापानं जन्मभर एवढंच केलं.
बाकीची तीन बोटं उगाच सोबतीला होती."

खुंटी मात्र त्यानं काढून नवी केली,
जरा जाड, डाव्या हाताच्या चिमटीत बसेल अशी.
जुनी शेगडीत टाकली.

उरलेल्या नऊ डॉलरांतले चार आले,
दोन कोंबड्या, एकदा बटाटे.
बाकी हिशेब दाराच्या आतल्या बाजूला खडूनं मांडलेला;
ऑर्लीनानं चुना देताना तो पुसला,
चुकून की मुद्दाम, कुणी विचारलं नाही.

धुकं उतरलं की कातडं सैल पडतं, आवाज बसतो.
एनॉस बाजा शेगडीपाशी धरतो,
आणि शेजारी हात.
बराच वेळ दोघं तसेच.
आधी बाजा बोलू लागतो.