छाट

प्रश्नावलीत बावीस प्रश्न होते.
पहिलाच अडला.
"कामाबद्दल समाधानी आहात का?"
राजमणी चिलवेरी तेलुगूत बोलत राहिल्या,
चार मिनिटं, मी घड्याळ पाहिलं,
मध्येच हसल्या, मध्येच पदराने नाक पुसलं,
मग धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली,
"नाही म्हणते."

सोलापूरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
त्या दुपारी विडी घरकुलात
मी प्रश्नावली घडी करून पिशवीत टाकली.

वर्गात इनामदार मॅडम म्हणाल्या होत्या,
किती जणी हे मोजायला दुसरे आहेत.
तुम्ही कसं ते विचारा, आणि मग गप्प बसा.
विचारणं मी पाठ केलं होतं.
गप्प बसणं अभ्यासक्रमात अर्ध्या ओळीचं.

ते शिकले सुपासमोर.
ओल्या फडक्यातलं पान, पानावर साचा, कात्री,
चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोरा,
टोक नखाने आत.
माझी पहिली विडी त्यांनी उलगडली,
परत पान केलं.
तिसऱ्या आठवड्यात धाकटी म्हणाली,
"आई विचारलाली, काय लिहिलालीस एवढं?
ती तर काय बोललीच नाही."
तेच लिहीत होते.
कारखान्याचं नाव निघालं की दोरा दोनदा गुंडाळतात.
नवऱ्याचं निघालं की कात्री शोधतात.
कात्री मांडीवरच असते.

रात्री खोलीवर मुलाखती उतरवायच्या.
शेजारच्या मागाची खटखट प्रत्येक वाक्यात.
खोकला लिहायचा का?
लिहिला. कंसात. एकोणतीस वेळा.
मग रंगीत पेनं: मजुरी पिवळी, आजार हिरवा,
घर निळं.
अकराव्या बाईनंतर नवं काही निघेना,
मॅडम म्हणाल्या, आता थांब.
एका ओळीला मात्र रंग सापडेना:
"पान भिजवलं की जंगलाचा वास येतो.
जंगल मी पाहिलेलं नाही."

कारखान्यात तपासनीस हजारातून मूठभर काढून टाकतो.
छाट.
तिचे पैसे नाहीत, विडीही परत नाही.
मीही ती ओळ बाजूला ठेवली होती.

अहवाल वाचून दाखवायला गेले,
पद्धतीत तसं लिहिलेलं आहे,
ज्यांचं त्यांना दाखवावं.
धाकटी सांगत गेली, त्या ऐकत गेल्या,
हात चालूच.
"सहभागी चार, शांता…"
हात थांबले.
शांता कोण?

मी समजावलं. गोपनीयता. मालकाचा त्रास नको.
संमतीपत्रातच होतं, सही केली होती तुम्ही.
त्या उठल्या, डब्यातून कार्ड काढलं,
फंडाचं, कडा काळपटलेलं,
त्यावर "राजमनी चिलवरी", एकोणीस वर्षं.
त्या दोन अक्षरांपायी पेन्शन अडलेली,
किती खेटे, ते पान सातवर मीच लिहिलेलं.
मग मुलीला मध्ये न घेता, मराठीत,
एकेक शब्द निवडून:
"त्यांनी चुकून बदललं.
तू मुद्दाम."

मॅडमना फोन केला.
मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
ते मौनही मी नोंदवलं, वेळेसह.

अहवाल गेला. नाव शांताच.
जंगलाची ओळ परत आणली,
कुठल्याच मथळ्याखाली बसली नाही,
तशीच एकटी ठेवली पानावर.
कार्डाच्या दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला,
तो कुठल्या पद्धतीत येतो मला माहीत नाही.

परवा गेले तर कात्री पुढे सरकवली.
"बस की.
दोन कट्टे कमी पडलालेत."