गो, नो-गो

अंबडच्या कारखान्यात मी भोकं मोजते.
बुशचं भोक, वीस मिलिमीटर.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
इतकं सोपं असतं बरं-वाईट
सकाळी सात ते दुपारी साडेतीन.

साडेतीननंतर फोन येतो.
"वैजयंता मॅडम, काय ठरलं?
एकतीस तारखेनंतर फी वाढणार."
हा मुलगा महिनाभर
माझ्या भवितव्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी करतोय.
तीन वर्षं, घरबसल्या, पदवी.
एक लाख आठ हजार, हप्त्यांनी.

एक लाख आठ हजार म्हणजे
यशोधनची दहावीची शिकवणी,
वर सासूबाईंचा डावा डोळा.
उजवा झाला मागच्या दिवाळीत.

गांगुर्डे म्हणतो, ऑनलाइनला कोण विचारतं?
मुलाखतीत कागद बघून हसतात.
गांगुर्डेला मुलाखत देऊन एकवीस वर्षं झाली.
नवरा काहीच म्हणाला नाही,
फक्त वायफायचं बिल काढून बघितलं.

मी मोजलेल्या आकड्यांखाली
सही कुणाल बच्छाव करतो. वय चोवीस.
वाईट नाही पोरगा.
पहिल्या दिवशी गेज उलटं धरलं होतं त्यानं,
मी कुणाला बोलले नाही.
"त्या जागेला पदवीधरच लागतो, ताई,"
ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या आणि चहा मागवला.
चहा चांगला होता.

दर सहा महिन्यांनी गेज
सातपूरच्या लॅबमध्ये तपासायला जातं,
कागद घेऊन परततं.
तारीख उलटली की लाल स्टिकर, मग कपाट.
तेच पोलाद. मापही तेच सांगतं,
फक्त आता त्याचं ऐकायचं नाही.
परवा कपाट लावताना
हात जरा रेंगाळला माझा.

पण लॅबही कुठलीही चालत नाही.
म्हणून त्या मुलाला विचारलं,
मान्यता कुणाची, परीक्षा कुठे,
मध्येच सोडलं तर पैशांचं काय?
तो पाठ केलेलं बोलत गेला.
मग विचारलं, "आणि तुझं शिक्षण रे?"
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मीपण ह्यातच, मॅडम. दुसरं वर्ष.
स्टाफला फी निम्मी."
कसं चाललंय?
"रात्री झोप येते," म्हणाला.
महिनाभरात पहिल्यांदा त्याचा स्वतःचा आवाज ऐकला.

काल फुकटातला एक तास बघितला,
भांडी उरकून, दार लोटून, आवाज बारीक करून.
बाईंनी फळ्यावर एक टेकडी काढली,
फाट्यावरून पांडवलेणं दिसतं तशी,
दोन्हीकडे उतरत गेलेली.
म्हणाल्या, माप मधून ढळतंच,
किती ढळतंय ते असं काढायचं.

अकरा वर्षं मी म्हणत आलेय,
"आज चार नंबरचं मशीन रुसलंय."
बुश बाद व्हायच्या आधीच कळायचं, हाताला.
त्या रुसण्याला नाव आहे.
सूत्र आहे. वर्गमूळ आहे त्यात!
हसू आलं आधी,
आणि मग, का कुणास ठाऊक, राग.
इतकी वर्षं माझ्याच हातातलं
मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

सत्ताविसाव्या मिनिटाला नेट गेलं.
पडद्यावर चाक गरगरत राहिलं
आणि सातची शिफ्ट डोक्यावर असताना
साडेबारापर्यंत मी त्याच्यासमोर बसून होते.

आज पाथर्डी फाट्यावर रिक्षा भरत आली होती,
तेवढ्यात फोन.
"काय ठरलं, मॅडम?"
एक लाख आठ हजार तेवढेच आहेत अजून.
डोळाही तिथेच.
म्हटलं, "हप्त्यांचं नंतर बोलू.
आधी सांग, त्या टेकडीच्या पुढे काय शिकवतात?"

"कुठली टेकडी, मॅडम?"

दुसरं वर्ष म्हणाला होता ना.

मी समोरच्या सीटच्या धुळकट रेक्झिनवर
बोटानं काढायला घेतली,
त्याला दिसणार नव्हती तरी.