दोन बोटं

बार्शीत, तेलगिरणीमागच्या बोळात,
करडईच्या तेलाचा वास सुटला की
नवी भाडेकरीण विचारायची, भजी कुणाकडे?
भजी नव्हती ती.
लालभडक पातं तेलात बुडताना
एवढंसं ओरडायचं,
आणि बाबांना ते ऐकू यायचं नाही.

पट्ट्यावरच्या घणानं त्यांचे कान नेले होते.
ऑईल इंजिन रेवणाप्पा सुरू करायचा,
हँडल मारत, इंजिनाचं कूळ उद्धरत.
धुराडं तीनदा खोकायचं, चौथ्यांदा लागायचं,
मग छपराखालचा लांब दांडा फिरायचा,
त्यावरून पट्टे उतरायचे:
एक घणाला, एक सहाणेला,
एक कुठंच नाही, नुसता लोंबत.
तिथलं ड्रिल काकांनी वाटणीत नेलं होतं.

पोलाद कुर्डुवाडीच्या लिलावातलं,
छोट्या रेल्वेच्या डब्यांच्या कमानी.
यानं आधी माणसं वाहिलीत, बाबा म्हणायचे,
सुपारीचं काय घेऊन बसलात.

तेलातून काढलेलं पातं तव्यावर ठेवायचं
नि रंग चढताना बघायचं.
आधी हळद, मग गूळ,
मग वांग्याची साल.
अडकित्त्याला गूळ, कोयत्याला वांगं;
मोरपिशी झालं की मेलं, परत भट्टीत.
डोळा मिटायचा नाही, शिंक आली तरी.
चित्रकलेच्या बाईंनी पुढं मला
तपकिरी आणि जांभळा शिकवला तेव्हा
मला त्यांची थोडी कीव आली.

माझं काम ऐकायचं.
नुकता जोडलेला अडकित्ता, अख्खी सुपारी, मी दहा वर्षांची.
कर्र वाजलं तर एक बोट: पुन्हा सहाणेवर.
कट् वाजलं, एकदाच, मागं काही न उरता,
तर दोन.
बाबा माझ्या बोटांकडे बघायचे,
गिऱ्हाईक बाबांच्या तोंडाकडे.

शिक्का लतीफ मारायचा.
एकदा घाईत शिक्क्यावरचा रफार उडाला
नि बार्शीचं झालं बाशी.
नवा कोरायला बाबांनी उद्या म्हटलं,
मग दिवाळी म्हटलं.
मग लग्नसराईचे,
नवरदेवांच्या हातात लिंबू टोचून मिरवायचे
दीडशे अडकित्ते बाशीचेच गेले.
तक्रार एकही नाही.
लोक धार वाचतात, बाबा म्हणाले,
आणि नवा शिक्का कधीच झाला नाही.

पुढं पुड्या आल्या.
इंजिन किलोवर गेलं.
रेवणाप्पानं शेवटचं हँडल मारलं
आणि ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं,
आयुष्यात पहिल्यांदा.
भंगारवाला म्हणाला, चालू असलं तरी भाव तोच.
बाबांना वाटलं तो कौतुक करतोय.
मी काहीच खुणावलं नाही.

परवा सोलापुरात, नव्या पेठेतल्या पानपट्टीवर
दुकानदार पुड्यांच्या माळेतली एक पुडी कातरत होता.
कशानं, ते मला लांबूनच कळलं.
बघू, म्हटलं.
मुठीवर चुन्याचा थर, नखानं खरवडला:
बाशी.
सुपारी आहे का, अख्खी?
देवापुढं आहे, म्हणाला, गणपती म्हणून बसवलेली.
ती नको.
मग गल्ल्यात, चिल्लरीखाली चाचपून
एक काढली, किती वर्षांची कोण जाणे.
मी ती पात्यांत धरली.
मागं रिक्षावाला कुणाशी तरी तेलुगूत भांडत होता,
कुठलासा भोंगा, एसटीचा हॉर्न,

कट्.

हात आपसूक वर गेला.
दोन बोटं.
त्यानं मान डोलावली,
ओल्या फडक्यातून दोन पानं काढली,
देठ खुडले,
आणि विचारलं,
साधी की मसाला?