विलिबाल्डचा डावा डोळा

लाउशा गावात पाटीच्या दगडांची छपरं,
छपरांखाली काच फुंकणारी माणसं.
मी तिथं ओटमारकडे उमेदवारी करायचो.
वय सोळा. गालफडं दुखेस्तोवर फुंकायचं
आणि संध्याकाळी फसलेले डोळे बादलीत टाकायचे.
त्या बादलीकडे नीट बघायला
मला एक अख्खा हिवाळा लागला.

मार्चात विलिबाल्ड आला.
भट्टीवर नळी फुटून डावा डोळा गेलेला.
सोबत रोझविथा, त्याची टोपी हातात धरून.
ओटमारनं तिच्याकडे पाहिलं नाही.
का, ते गावाला ठाऊक होतं:
एकवीस वर्षांपूर्वी जत्रेतल्या नाचाला
ती आली एकाबरोबर,
घरी गेली दुसऱ्याबरोबर.

उरलेला डोळा समोर ठेवून गेलेला घडवायचा,
ही आमच्या धंद्याची रीत.
मी काड्या पुढे सारल्या, राखी, शेवाळी, मधाळ.
ओटमारनं मानही वर केली नाही.
पाठ होता त्याला तो माणूस.

मला वाटलं, आता हा दावा साधणार.
केसभर रंग चुकवायचा, बस्स.
मग जन्मभर तिच्या उशाशी
अर्ध्या चेहऱ्यानं कुणी परका बघत राहील.
कोणाला कळणार होतं?
मी असतो तर चुकवला असता.

त्यानं ज्योत बारीक केली.
दुधी गोळा फुगवला, बुबुळ उतरवलं,
लाल काचेच्या तारेनं शिरा ओढल्या,
आणि अगदी शेवटी, श्वास रोखून,
खालच्या कडेला एक तपकिरी कण ठेवला,
मोहरीच्या टरफलाएवढा.

"हे काय? उजव्यात तर नाही,"
आरशात बघत विलिबाल्ड म्हणाला.
"डाव्यात होतं."

रोझविथा वाकली, बघत राहिली.
एकवीस वर्षं त्या डोळ्यासमोर
तिनं वेणी घातली होती, सोडली होती.
तिला आठवेना.

त्या रात्री ओटमार भरपूर प्यायला.
"बिघडवणार होतो रे," म्हणाला, "देवाशपथ.
हात ऐकेना.
हाताला फक्त बिनचूक डोळा हवा होता,
बाईबिई त्याच्या खिजगणतीत नव्हती."
आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

काच दोन वर्षांत झिजते.
विलिबाल्ड येत राहिला, सहा वेळा.
दर वेळी ओटमार पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळी,
एखादी शीर वाढवी.
इतक्या निगुतीनं कुणाला म्हातारं होताना
दुसऱ्या कुणी सोबत केली असेल, वाटत नाही.

मग एकदा रोझविथा एकटीच आली,
काळ्या हातमोज्यात काडेपेटी.
"पुरायच्या आधी काढून घेतला. तुझा आहे."
तो घेताना त्याचे हात थरथरले,
पण ते तसेही थरथरायचे तेव्हा.

आता ती पेटी माझ्याकडे आहे.
आमचे डोळे पोकळ असतात, मागून ज्योतीनं बंद केलेले.
म्हणजे त्यात अजून ओटमारचा एक श्वास आहे,
त्याला हवी होती तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यात
अडकून राहिलेला.

कधी वाटतं, फोडून बघावं.
मग काम आठवतं:
उद्या एका पोराचा डोळा करायचाय, हिरवा.
समोर त्याची आई बसेल,
डोळ्यांत तेल घालून.