नळीची भिंत

विर्वे ओक्सार तळघरात उतरते तेव्हा
आधी तिचे बूट ऐकू येतात, पायरीवर बर्फ झटकणारे,
मग खोकला,
मग काम :
"बारा नळ्या, उलो. क्वार्ट्झच्या.
एक तोंड बंद, गळा निमुळता."
निमुळता म्हणजे किती, हे सव्वीस वर्षांत
तिने सांगितलेलं नाही
आणि मी विचारलेलं नाही.

ही काच साध्या काचेसारखी ऐकत नाही.
हायड्रोजनची ज्योत, काळा चष्मा,
आणि श्वास. फुंकर नव्हे.
लेकराला भरवताना गरम घासावर सोडतो
तेवढाच.

वर तिच्याकडे एक पेटी आहे,
तिच्यात आर्गॉनशिवाय कुणाला प्रवेश नाही.
भिंतीतून आत गेलेल्या जाड रबरी हातांनी
ती युरोपियमचा तुकडा कापते, शिशासारखा मऊ,
क्लोराइड अकीकाच्या खलात घोटते,
चौथ्या दशांशापर्यंत तोलते,
आणि भरलेली नळी छातीशी धरून
परत खाली आणते.
पंप घरघरतो. मी गळ्याला ज्योत लावतो.
काच आत ओढली जाते, मिटते.

नऊशे अंश. तीन आठवडे.
मग तासाला दोन अंश खाली, दोनच.
घाई केली की भुकटी,
सबुरी केली की स्फटिक,
आणि कितीतरी वेळा सबुरी करूनही भुकटीच.
ती पुन्हा घोटते, पुन्हा भरते.
वरच्या मजल्यावर याला संशोधन म्हणतात.
माझ्या आईने चुलीशी हुज्जत म्हटलं असतं.

फेब्रुवारीत, एमायोगी नदीवरून माणसं चालत जात होती तेव्हा,
तिच्या क्ष-किरणांच्या आलेखावर एक शिखर आलं,
अठ्ठावीस अंशांच्या जरासं पुढे,
बुटकं,
पंगतीत बसलेल्या आगंतुकासारखं.
कुणाचं कोण, कुणालाच ठाऊक नाही.

तिने क्लोराइड बदललं. दोनदा वाळवलं.
भट्टीचा तापमापक तपासला,
रास्मुसला, म्हणजे तिच्या विद्यार्थ्याला, रडवलं.
आगंतुक उठेना.
मग बुटांचा आवाज आला, आणि या वेळी खोकला नाही.
"उलो, नळ्या हाताळताना हातमोजे घालतोस ना?"

आता हे सांगायला हवं :
क्वार्ट्झला उघडं बोट लागलं, घामाचं मीठ लागलं,
की भट्टीत तिथे पांढरं उमटतं,
रेषा न् रेषा.
पुसून जात नाही.
त्या महिन्यात माझे सांधे सुजले होते.
मोजे चढत नव्हते.
मी म्हणालो, "घालतो."

दहा दिवस मला नीट झोप नव्हती.
काळी भाकरीसुद्धा घशात अडकायची.

अकराव्या दिवशी ती आली,
दिवा बंद कर म्हणाली,
आणि जांभळ्या टॉर्चखाली तळहात उघडला :
साखरेच्या कणाहून लहान सात स्फटिक,
हिरवट, आतून पेटलेले.
"यात सिलिकॉन आहे, उलो.
आम्ही टाकलेला नाही."

फोडलेली नळी मी उजेडात धरली.
आतली बाजू धुरकट, कुरतडलेली,
तळाशी तर कागदाइतकी पातळ.
भांड्याने पदार्थ राखायचा असतो.
इथे भांडंच पदार्थात गेलं होतं,
माझी काच, अणू अणू करून,
कुणी न बोलावता.

मी हसलो. ती हसली नाही.
तिला हवं होतं ते संयुग हे नव्हे.

आता रास्मुस टँटलमच्या नळ्या वितळजोड करून बंद करतो,
छान करतो, पोराचा हात स्थिर आहे.
माझी क्वार्ट्झ वरून फक्त कोटासारखी,
त्या धातूला हवा लागू नये म्हणून.
आत काय शिजतंय ते काचेला आता कळत नाही.

तरी काल बूट वाजले.
"बारा, उलो. गळा..."
"माहीत आहे," मी म्हणालो.
तिने जाताना टेबलावर मोज्यांची जोडी ठेवली,
एक माप मोठी.

फेब्रुवारीतल्या नळ्यांचे तुकडे मोजून परत आले होते,
अकरा नळ्यांचे.
बारावी तिच्या खिडकीत उभी आहे, पेन्सिली ठेवायला,
आणि तिच्या अंगावर, बाहेरून,
अर्धा अंगठा,
पांढरा.