अज्ञात प्रकाशक

हवल्लीत, जिन्याखालचं माझं दुकान.
बाहेर धूळ उभी,
आत एसी बादलीत ठिबकतोय.
कमरुद्दीन मुकादम लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणतो,
आत गरम भाकऱ्या असाव्यात तसा.
आडनाव मुकादम.
कार्डावर हुद्दा : हेल्पर.

"नेट दिसतं," म्हणतो, "पण फटीतून."

खरंच.
एकीखाली एक सात पट्ट्या,
हवामानाची, राशिभविष्याची, कूपनांची,
एक तर नुसती इतर पट्ट्या शोधून देणारी.
खाली उरलीय चार बोटं जागा.
तेवढ्यात दर शुक्रवारी दाभोळ बघतो हा माणूस :
मुलीचं कपाळ दिसतं,
हनुवटी बुडते.

काय उतरवून घेतलंत?
"एकच. व्हिडिओचं काहीतरी. पुढे, पुढे, मान्य."
खुणा आधीच केलेल्या असतात, मी सांगतो,
करड्या रंगात, बारीक अक्षरांत.
त्या आपण काढायच्या.

तो बादलीकडे बघतो.
"एजंटच्या हापिसातही तसंच होतं.
जेवणाचे कापणार, खोलीचे कापणार,
पासपोर्ट कंपनीकडे.
मला फक्त सहीची जागा दाखवली."

मी काढायला बसतो.
प्रत्येक पट्टी जाताना लडिवाळ होते :
खरंच काढायचंय? काही चुकलं का आमचं?
दोन बटणं. 'राहू दे' ठळक, हिरवं.
'काढा' शोधावं लागतं.
सहा गेल्या. सातवी
मशीन बंद-चालू केल्यावर परत हजर,
मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे होती.
ती सेवा थांबवली, शॉर्टकटला चिकटलेलं शेपूट तोडलं,
मग गेली.
पडदा एवढा मोठा होता
हे मुकादमच विसरला होता.

आणि मग लाल चौकट.
अँटिव्हायरसने एक फाइल उचलून कोंडली :
तास डॉट ईएक्सई.
धोका : संशयित.
प्रकाशक : अज्ञात.

"अज्ञात कसा?" तो खुर्चीतून उठतो.
"मुनिराने केलंय ते. पॉलिटेक्निकला आहे.
माझे जादा तास मोजतं. दुसरं काही करत नाही."

असंच सगळे म्हणतात, हे मी बोलत नाही.
चाळीस तपासनीसांना फाइल दाखवतो.
सदतीस गप्प. तिघांना संशय,
आणि कारण वाचून मी दोनदा चष्मा पुसतो :
ही फाइल फारच थोड्या लोकांकडे आढळते.

एकाकडे. एकाच माणसाकडे.

फाइलचा ठसा काढतो, बत्तीस खुणांचा.
दहा बोटांचे मुकादमने दिले होते, उतरला त्याच आठवड्यात.
मग दाभोळला फोन, स्पीकरवर.
बेटा, तुझ्याकडच्या मूळ प्रतीचा ठसा वाच.

ती वाचते. सात. ई. शून्य. नऊ. बी. बी. चार.
मागे कुणीतरी नळ सोडलाय.
मी बोटाने जुळवत जातो,
आणि बाप, ज्याला यातलं काही कळत नाही,
प्रत्येक अक्षरावर "हां" म्हणतो.
बत्तीस वेळा हां.

जुळलं. तीच फाइल, वाटेत कुणी हात न लावलेली.
कोठडीतून काढून
अपवादांच्या यादीत तिचं नाव लिहितो.
यादी रिकामी होती.

'तास' उघडतं. राखाडी खिडकी, एक आकडा :
एकसष्ट.
एवढ्या तासांचे पैसे यायचेत.
फोनवर ती विचारते, "अब्बा, दिसतंय?"
तो म्हणतो, "पूर्ण दिसतंय."

दोन दिनार. लॅपटॉप पुन्हा टॉवेलात.
दारात त्याला सांगून ठेवतो,
पुढच्या अपडेटनंतर परत अडवेल कदाचित,
परत ओळख पटवावी लागेल.

"सवय आहे," म्हणतो,
आणि खिशावरून हात फिरवून
कार्ड आहे ना, बघतो.